अमेरिकेत चर्च रिकामी होतायत म्हणतात, मग राजकारणात देव वाढतोय तो कसा?

विश्रामबागचे_आजोबा (सांगली)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, वेळ काढून वाचा ही विनंती.

माझी मुलगी आणि जावई टेक्सासमध्ये डॅलसच्या बाजूला राहतात, नातू चौथीत आहे. परवा व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता तो म्हणाला, आजोबा आमच्या वर्गात देवाचे दहा नियम लावलेत, भिंतीवर मोठा कागद आहे, त्यात लिहिलंय की मूर्ती करायची नाही, मग आपला गणपती चालतो का? मी ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, पोरांनी काय काय विचारलं असेल, पण याला मला पटकन उत्तर सुचलं नाही. बघून सांगतो म्हणालो आणि विषय बदलला. रात्री झोप लागेना.

मुलगी म्हणते शाळा खाजगी नाही, सरकारीच आहे, कायदाच झालाय तसा. आता मी आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवताना सांगत आलो की अमेरिकेच्या घटनेत धर्म आणि सरकार वेगळं ठेवलंय, ते काय चुकीचं सांगितलं का?

दुसरी गोष्ट. गेल्या वर्षी आम्ही दोघं तिकडं सहा महिने राहून आलो. रविवारी सकाळी मी फिरायला निघायचो तर शेजारचे गोरे गृहस्थ गवत कापायचं मशीन घेऊन अंगणात, पलीकडचे गाडी धुण्यात, आख्ख्या गल्लीत चर्चला जाणारं एकच घर आणि ते मेक्सिकोहून आलेलं. पण दोन मैलांवर एक चर्च होतं, त्याचं पार्किंग आपल्या मार्केट यार्डाएवढं, आत गेलो तर क्रूस कुठाय ते शोधावं लागलं, थिएटरसारखा पडदा, गिटार, ड्रम, आणि पुढच्या खुर्चीच्या पाठीला दानासाठी क्यूआर कोड चिकटवलेला. घरी येऊन टीव्ही लावला की राजकारण्याचं एकही भाषण देवाचं नाव घेतल्याशिवाय संपत नाही.

तर माझं कोडं असं की धर्म मानणारे कमी होतायत आणि राजकारणात धर्म वाढतोय, हे दोन्ही एकाच वेळी कसं होतं? तिकडं राहिलेल्यांनी किंवा अभ्यास असलेल्यांनी नीट सांगावं. आणि नातवाला काय सांगू तेही.


साताराकर_परत (सातारा)

काका नमस्कार. मी १२ वर्षं तिकडं होतो, पहिली ४ डॅलसलाच, आता साताऱ्यात आईवडिलांजवळ राहून घरूनच काम करतो. कायद्याचं आधी सांगतो.

तुम्ही वर्गात शिकवलं ते बरोबरच आहे. त्यांच्या घटनेची पहिली दुरुस्ती १७९१ ची, त्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत: सरकारने कुठला धर्म प्रस्थापित करायचा नाही आणि लोकांना आपापला धर्म पाळायला अडवायचं नाही. धर्म आणि सरकार यांच्यामधली 'भिंत' म्हणतात ना, तो शब्द घटनेत नाहीये, तो तेव्हाचे अध्यक्ष जेफरसन यांनी १८०२ मध्ये डॅनबरीच्या बॅप्टिस्ट (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) लोकांना लिहिलेल्या पत्रातला. आणि हे पत्र ज्यांना लिहिलं ते बॅप्टिस्ट त्यांच्या राज्यात अल्पसंख्य होते, त्यांना मोठ्या पंथाची भीती होती. म्हणजे भिंत पाहिजे होती ती धार्मिक लोकांनाच, हे आज कुणी आठवत नाही.

तो कागद १६ बाय २० इंचाचा. २०२५ च्या जूनमध्ये टेक्सासच्या गव्हर्नरने सही केली, १ सप्टेंबरपासून लागू. शाळेने विकत घेतलाच पाहिजे असं नाही, पण कुणी देणगी म्हणून आणून दिला तर लावावाच लागतो. त्याच्या आदल्या वर्षी लुइझियानाने असाच कायदा केला होता. दोन्हीकडं पालक कोर्टात गेले, टेक्सासच्या खटल्यात ज्यू धर्मगुरू आहेत, ख्रिश्चन पालक आहेत, कुठलाच धर्म न मानणारे आहेत आणि हिंदू कुटुंबसुद्धा आहे. म्हणजे तुमच्या नातवाला जे वाटलं ते वाटणारा तो एकटा नाही.

आता बघा, हाच प्रकार केंटकी राज्याने पूर्वी केला होता, तेव्हाही कागद देणगीच्या पैशातूनच आणायचा होता, आणि १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो ५ विरुद्ध ४ ने रद्द केला. मग परत तेच करायची हिंमत आली कुठून? तर २०२२ मध्ये एका फुटबॉल कोचचा निकाल लागला. तो मॅच संपल्यावर मैदानाच्या मधोमध गुडघ्यावर बसून प्रार्थना करायचा, सरकारी शाळेचा नोकर असून. कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि सरकारच्या कृतीचा हेतू आणि परिणाम धार्मिक आहे का हे बघणारी, १९७१ पासून चालत आलेली जुनी कसोटी बाजूला ठेवून म्हटलं की इथून पुढं इतिहास आणि परंपरा बघायची. ज्यांना परंपरा शाळेत आणायची होती त्यांना हा दरवाजा उघडा सापडला. त्या कोर्टात बसलेले न्यायाधीश कुणी नेमले आणि कुणाच्या मतांच्या जोरावर, तिथून राजकारण सुरू होतं, ते कृष्णाकाठ सर जास्त चांगलं सांगतील, सर आहात का?


कृष्णाकाठ (कराड)

आहे, वाचतोय. राज्यशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे, त्यामुळं वेळच वेळ आहे आणि मुद्दा जिव्हाळ्याचा आहे.

आजोबा, तुमचं कोडं सोडवायला आधी आकडे नीट मांडू. प्यू म्हणून तिथली मोठी सर्वेक्षण संस्था आहे. त्यांच्या पाहणीत २००७ मध्ये स्वतःला ख्रिश्चन म्हणवणारे ७८ टक्के होते, २०१४ ला ७१, आणि २०२३-२४ ला ६२. 'कुठलाच धर्म नाही' म्हणणारे १६ वरून २९ टक्क्यांवर गेले. गॅलप या दुसऱ्या संस्थेच्या पाहणीत चर्च, सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) किंवा मशिदीचं सभासद असलेले लोक २०२० मध्ये पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली आले, ४७ टक्के, १९९९ मध्ये ते ७० होते. एका पिढीत एवढी घसरण म्हणजे थोडी नव्हे. फक्त एक जोडून ठेवा, २०१९ पासून ही घसरण थांबल्यासारखी दिसते, साधारण ६० ते ६४ च्या मधे आकडा घुटमळतोय, तेव्हा धर्म संपला असं कुणी म्हणू नये.

आता राजकारण. लोकांना वाटतं तिकडं पाद्री कायमच राजकारणात होते, तसं नाही. १९६० मध्ये केनेडी कॅथलिक म्हणून लोकांच्या मनात शंका होती की हा पोपचं ऐकेल की देशाचं, तेव्हा ते स्वतः ह्यूस्टनला प्रोटेस्टंट पाद्र्यांच्या सभेत गेले आणि सांगून आले की धर्म आणि सरकार पूर्ण वेगळं असावं या मताचा मी आहे, कुठला धर्मगुरू मला आदेश देणार नाही. म्हणजे त्या वेळी निवडून यायचं तर धर्म दूर ठेवतो असं पटवावं लागायचं!

त्याच काळात जेरी फॉलवेल नावाचे व्हर्जिनियातले बॅप्टिस्ट पाद्री होते. १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांचे साथी मोर्चे काढत होते तेव्हा फॉलवेलनी प्रवचन दिलं की पाद्र्याचं काम आत्मे वाचवायचं आहे, राजकारण करायचं नाही. आणि १९७९ मध्ये याच फॉलवेलनी 'मॉरल मेजॉरिटी' नावाची संघटना काढून पाद्र्यांना राजकारणात उतरवलं. चौदा वर्षांत माणूस एवढा कसा फिरला याचं सरळ उत्तर सगळे गर्भपात असं देतात, म्हणजे गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा रो विरुद्ध वेड हा निकाल. ते अर्धंच खरं. सत्तरच्या दशकात दक्षिणेत गोऱ्यांसाठी काढलेल्या ख्रिश्चन शाळांची टॅक्स सवलत वंशभेदावरून काढून घ्यायला सुरुवात झाली, तो राग आधीचा. बॉब जोन्स विद्यापीठाचा त्यावरचा खटला १९८३ पर्यंत चालला आणि विद्यापीठ हरलं. १९६२ ला न्यूयॉर्कच्या शाळांमधली २२ शब्दांची सरकारी प्रार्थना सुप्रीम कोर्टाने बंद केली होती, तीही जखम होतीच. असं साठत साठत गेलं.

आणि सगळ्यात दुःखाची गोष्ट मला जिमी कार्टर यांची वाटते. शेंगदाण्याचा शेतकरी, जॉर्जियातल्या प्लेन्स गावचा, आपला नव्याने जन्म झालाय असं उघड सांगणारा, नव्वदी ओलांडली तरी गावच्या चर्चमध्ये रविवारची शाळा घेणारा माणूस. १९७६ ला निवडून आला. इतका मनापासून धार्मिक अध्यक्ष त्यांना मिळाला, आणि १९८० मध्ये याच धार्मिक मतदारांना त्यांच्याविरुद्ध उभं केलं गेलं, रिपब्लिकन पक्षाच्या रेगन यांच्या बाजूने, जे चर्चला फारसे जातही नव्हते. तिथून पुढं माणूस किती धार्मिक आहे हा प्रश्न राहिला नाही, तो आपल्या बाजूचा आहे का एवढाच राहिला. २०१६, २०२० आणि २०२४ तिन्ही वेळा गोऱ्या इव्हँजेलिकल (बायबलच अंतिम मानणारे, नव्याने जन्म झाला म्हणणारे प्रोटेस्टंट) मतदारांपैकी दहात आठ ट्रम्प यांच्याबरोबर गेले, ते याच वाटेने.

आता तुमच्या कोड्याचं उत्तर, जेवढं मला कळलंय तेवढं. हाऊट आणि फिशर या दोन समाजशास्त्रज्ञांनी २००२ मध्येच मांडलं होतं की नव्वदच्या दशकात 'धर्म नाही' म्हणणारे वाढले त्याचं एक मोठं कारण राजकारण आहे. देवावरचा विश्वास उडाला असं नव्हे, तर ख्रिश्चन म्हणजे अमुक पक्षाचा असं समीकरण झाल्यावर ज्यांना तो पक्ष नको होता त्यांनी ते नावच सोडलं. मग चर्चमध्ये उरले ते जास्त करून एकाच मताचे, त्यामुळं आवाज आणखी चढला, आणि आवाज चढला म्हणून आणखी काही उठून गेले. म्हणून चर्च रिकामं होणं आणि राजकारणात धर्म वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एकीमुळं दुसरी होते. आणि उलटंही घडलं, २०१६ ते २०२० दरम्यान ट्रम्प आवडणाऱ्या काही गोऱ्या लोकांनी आधी नव्हतं ते 'इव्हँजेलिकल' हे नाव स्वतःला नव्याने लावून घेतलं, प्यूच्याच पाहणीत आहे. तुमचा गवत कापणारा शेजारी विचारलं तर कदाचित तेच नाव सांगेल.


कीर्तन_कॅमेरा (लोणंद)

सर लई भारी सांगितलं पण यात टीव्हीचा आणि मोबाईलचा हात केवढा मोठा हाय ते राहिलं बघा, आणि ते मला सांगावंच लागणार कारण माझं पोटच त्यावर चालतंय. मी कीर्तनाचं शूटिंग करतो, आठ वर्षं झाली, चॅनल हाय आपलं. धंद्यामुळं अमेरिकेतल्या टीव्हीवाल्या पाद्र्यांचं मी शोधून शोधून वाचलंय.

पहिली रेडिओची गोष्ट. लॉस एंजेलिसला एमी मॅकफर्सन म्हणून बाई होत्या प्रवचन करणाऱ्या, त्यांनी १९२४ ला स्वतःचं रेडिओ स्टेशन काढलं, विचार करा शंभर वर्षं झाली. मग १९३० च्या दशकात फादर कॉफलिन, डेट्रॉइटजवळचे, त्यांना कोट्यवधी लोक ऐकायचे, सुरुवात धर्मापासून केली आणि शेवट ज्यूंच्या विरोधात विष ओकण्यात झाला. टीव्ही आल्यावर आधी स्टेशनवाले मोठ्या जुन्या चर्चांना फुकट वेळ द्यायचे, लोकसेवा म्हणून, लायसन्स टिकवायला ते दाखवावं लागायचं. १९६० ला सरकारी खात्यानं सांगितलं की पैसे घेऊन विकलेला वेळसुद्धा त्यात धरला जाईल. झालं, मग फुकट कोण देतंय! ज्याला लोकांकडून देणगी मागायचं जमतं त्याचाच पाद्री टीव्हीवर राहिला, बाकीचे शांत बोलणारे बाहेर पडले.

पॅट रॉबर्टसन या पाद्र्यांनी एक बंद पडलेलं छोटं स्टेशन घेतलं, १९६१ ला सुरू केलं, चालेना, तर १९६३ ला प्रेक्षकांना म्हणाले महिन्याला १० डॉलर देणारी ७०० माणसं द्या, स्टेशन चालतंय. तिथनं कार्यक्रमाचं नावच '७०० क्लब' पडलं. आणि हेच रॉबर्टसन १९८८ ला अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले. स्टेशनपासून थेट तिथपर्यंत.

आता माझ्या कामातलं सांगतो म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळंल. गेल्या वर्षी आमच्या भागात एका सप्त्यात कीर्तन केलं शूट, दीड तासाचं. महाराजांनी तुकोबांच्या अभंगावर एवढं सुंदर निरूपण केलं की पुढं बसलेल्या म्हाताऱ्या डोळं पुसत होत्या, मी कॅमेऱ्यामागं उभा, माझ्याबी अंगावर काटा. मधी एकदा चाळीस सेकंद महाराज आजकालच्या सुनांवर घसरले. मी पूर्ण कीर्तन टाकलं, ते दोन महिन्यांत तीन हजार लोकांनी बघितलं. कुणीतरी तेवढी सुनांची चाळीस सेकंदं कापून टाकली ती आठवड्यात लाखाच्या वर गेली. पुढच्या गावात महाराज आले तर मला म्हणाले, ते सुनांचं घेऊ का रं आज परत? मी म्हणलं नको महाराज. पण त्यांनी घेतलं.

हेच तिकडं झालंय वो. गावातल्या पाद्र्याला समोरच्या माणसाचं तोंड बघून बोलायला लागतं, त्याच्या घरचं मयत, त्याच्या पोरीचं लग्न, दोन्ही पक्षाची माणसं त्याच्यासमोर बसल्यात, तो जपूनच बोलणार. टीव्हीवरच्याला, मोबाईलमधल्याला समोर कोणच नसतं, फक्त आकडा असतो. राग आला की आकडा वाढतो.


साताराकर_परत (सातारा)

दादा, तुमची चाळीस सेकंदांची गोष्ट वाचून मी पाच मिनिटं गप्प बसलो होतो, खरंच.

मला त्यात टपालाची भर घालायची आहे, कारण ती मधली पायरी लोक विसरतात. रिचर्ड व्हिगरी म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनी साठ-सत्तरच्या दशकात देणगी देणाऱ्यांचे पत्ते कॉम्प्युटरवर घेतले आणि प्रत्येकाला थेट पत्र पाठवायला सुरुवात केली. कुणाला गर्भपातावरचं, कुणाला शाळेतल्या प्रार्थनेवरचं, ज्याला जे टोचतं ते. आज मोबाईलवर प्रत्येकाला वेगळं दाखवतात ना, त्याचं बीज तिथं आहे, पोस्टाच्या पाकिटात.

आणि मोबाईलने सगळं वाईटच केलं असंही मी म्हणणार नाही. ओक्लाहोमाच्या एका चर्चने २००८ मध्ये बायबलचं ॲप काढलं, यूव्हर्जन, आयफोनवर ॲपचं दुकान उघडलं तेव्हाच्या अगदी पहिल्या ॲपमधलं ते, आणि आज जगभर फुकट वापरतात. कोविडमध्ये २०२० चा ईस्टर माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी लॅपटॉपसमोर बसून केला, चांगले कपडे घालून, मी त्यांना लिंक लावून दिली होती. एकट्या होत्या. तेवढ्या तासात त्या एकट्या नव्हत्या. पण नंतर चर्च उघडलं तरी त्या गेल्या नाहीत, घरूनच बघायला लागल्या, आणि हळूहळू आपल्या चर्चचं सोडून दुसऱ्या राज्यातल्या एका जोरात बोलणाऱ्या पाद्र्याचं बघायला लागल्या. वर्षभरात आमच्या गप्पांचा सूर बदलला. कोविडच्या आधी मला 'पाय' नावाचा तिकडचा भाजून केलेला पदार्थ बनवून आणून देणाऱ्या बाई, त्या मला विचारायला लागल्या की तुमच्या देवांमध्ये सैतान असतो का. वाईट मनाच्या नव्हत्या हो त्या. मला त्यांचा राग कधीच आला नाही, काळजी वाटली.


कराडची_रेश्मा (कराड)

मधे पडते, माफ करा. परवा भाऊ सांगत होता की अमेरिकेत एआयचा पाद्री काढलाय, त्याच्याशी चॅट करायचं. हे खरंय का फॉरवर्ड आहे?


साताराकर_परत (सातारा)

खरं आहे ताई. २०२४ च्या एप्रिलमध्ये कॅथलिक आन्सर्स या संस्थेने 'फादर जस्टिन' नावाचा एआय काढला, पाद्र्याच्या पोशाखात. लोक प्रश्न विचारायला लागले तर तो स्वतःला खरा पाद्री म्हणवायला लागला, पापाची कबुलीही ऐकून घ्यायला लागला. बोंबाबोंब झाल्यावर दोनच दिवसांत त्याचा पोशाख उतरवला आणि नुसता जस्टिन केला. हेतू वाईट नव्हता त्यांचा, पण कबुली ऐकणारा माणूस असावा लागतो हे त्यांच्याच धर्मातलं मूळ तत्त्व.

आत्ताचे पोप लिओ चौदावे, शिकागोत जन्मलेले, मे २०२५ मध्ये निवडून आलेले पहिले अमेरिकन पोप, त्यांनी नाव का निवडलं ते सांगताना हाच विषय काढला. आधीचे लिओ तेरावे, त्यांनी १८९१ मध्ये कारखान्यातल्या कामगारांच्या हक्कांवर लिहिलं होतं, आता एआयच्या काळात माणसाच्या श्रमाची आणि प्रतिष्ठेची तशीच राखण करायला पाहिजे म्हणून तेच नाव. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पीटर थील, टेक कंपन्यांत पैसा लावणारे अब्जाधीश, ते ख्रिस्तविरोधी शक्तीवर व्याख्यानं देत होते. पूर्वी टेकवाल्यांना देवाधर्माशी घेणं नसतं असं आम्ही ऑफिसात म्हणायचो. आता तसं राहिलं नाही.


मिरजकर_सिस्टर (मिरज)

सगळ्यांना नमस्कार. मी मराठी ख्रिश्चन, निवृत्त नर्स. वर जे लिहिलंय ते सगळं वाचलं, खोटं काहीच नाही, पण वाचताना मला सारखं वाटत राहिलं की यात आमचा धर्म कुठं आहे?

आमच्याकडं अमेरिकेचा ख्रिस्त आला तो दवाखान्यातून आला. डॉ. वानलेस १८८९ मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडून इकडं आले, १८९४ मध्ये मिरजेला हॉस्पिटल उभं राहिलं. वानलेसवाडीचं नाव रोज घेतो आपण, बसच्या पाटीवर वाचतो, पण माणूस कोण ते किती जणांना माहीत आहे? माझी आजी तिथंच आया म्हणून लागली आणि पुढं नर्सिंग शिकली. तिच्या तोंडून मी कधी कुठल्या पक्षाचं नाव ऐकलं नाही. संध्याकाळी पेटीवर ना. वा. टिळकांची भजनं म्हणायची, ज्यांनी शेवटच्या काळात साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला ते टिळक. शुद्ध मराठी भजनं, शेजारच्या बायका येऊन बसायच्या.

आणि तिकडंही सगळे एका माळेचे मणी नाहीत. मार्टिन ल्यूथर किंग हे पाद्रीच होते की, चर्चमधूनच त्यांची चळवळ उभी राहिली, १९५९ ला ते भारतात येऊन गांधीजींच्या वाटेचा अभ्यास करून गेले. अटलांटातल्या त्यांच्याच एबेनेझर चर्चचे आत्ताचे पाद्री वॉर्नॉक हे २०२१ पासून अमेरिकेच्या सिनेटमध्ये आहेत, दुसऱ्या म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचे. त्यामुळं धर्म राजकारणात आला म्हणजे वाईटच झालं असं मी म्हणणार नाही. दुबळ्याच्या बाजूने आला की कळतो. सत्तेच्या खुर्चीला टेकला की मला आमचा वाटत नाही.

आता काका, नातवाचं. मी पाचवीत असताना आमच्या शाळेत दसऱ्याला पाटीपूजन असायचं, पाटीवर एकाचे आकडे काढून केलेली सरस्वती, झेंडूची फुलं, समोर गूळ-फुटाणे. वर्गात मी एकटी ख्रिश्चन. घरी पप्पांना विचारलं तर ते म्हणाले बाईंना विचार. बाईंनी मला जवळ बोलावून म्हटलं, तुला पूजा करायची नसेल तर नको करू, पण फुटाणे वाटायला मला तूच पाहिजेस, तुझा हात मोजका आहे. मी आख्ख्या वर्गाला फुटाणे वाटले, एकेक मूठ. मला आजसुद्धा त्या पितळी ताटाचं वजन आठवतं. दुसऱ्या वर्षी वर्गशिक्षक बदलले, त्यांनी मला म्हटलं सगळे करतात तर तुला काय होतंय, हात जोड. मी जोडले. घरी येऊन आजीच्या कुशीत रडले. देव दोन्ही वर्षी तोच होता ना. पाटी तीच, सरस्वती तीच.

नातवाला असं सांगा की हा नियम ज्यांच्या पुस्तकात आहे त्यांच्यासाठी आहे, तुझ्या घरचा गणपती तुझ्या घरचा आहे. आणि तो कागद बघून त्याला एकटं वाटतं का हे विचारा, उत्तर द्यायच्या आधी.


कृष्णाकाठ (कराड)

सिस्टर, तुमचं लिहिलेलं मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. माझ्या लांबलचक लेक्चरपेक्षा फुटाण्यांचं ताट जास्त सांगून गेलं. दुबळ्याच्या बाजूने आलेला धर्म आणि खुर्चीला टेकलेला धर्म, हा फरक मी शिकवताना कधी इतका स्वच्छ मांडला नव्हता.

एक गोष्ट राहिली ती जोडतो, कारण ती ताजी आहे. १९५४ पासून तिथं कायदा आहे की टॅक्स सवलत घेणाऱ्या चर्चने निवडणुकीत उमेदवाराचा प्रचार करायचा नाही, जॉन्सन दुरुस्ती म्हणतात तिला. म्हणूनच १९८० ला रेगन डॅलसमध्ये पाद्र्यांच्या सभेत म्हणाले होते की तुम्ही मला पाठिंबा देऊ शकत नाही हे मला माहीत आहे, पण मी तुम्हाला देतो. आता जुलै २०२५ मध्ये टॅक्स खात्याने स्वतःच कोर्टात असं म्हणणं मांडलं की पाद्री प्रार्थनेच्या वेळी आपल्या मंडळींसमोर उमेदवाराबद्दल बोलला तर तो प्रचार धरू नये. सत्तर वर्षांचं कुंपण, कागदावर आहे पण वाकलंय. मला भीती सरकारची कमी आणि चर्चची जास्त वाटते. आज जो पाद्री उमेदवाराचं नाव घेईल त्याच्यासमोरून उद्या निम्मी माणसं उठून जातील, आणि ती दुसऱ्या चर्चला न जाता घरीच बसतील.


विश्रामबागचे_आजोबा (सांगली)

चार दिवस लिहिलं नाही कारण लिहवत नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः सिस्टर तुमचे.

तुमचं वाचल्यावर मला माझा वर्ग आठवला. ३४ वर्षं मी सरस्वतीच्या फोटोला हार घालायला लावला, रोज एका पोराची पाळी, हजेरीच्या नंबराप्रमाणे. दर वर्षी वर्गात दोन-तीन मुसलमान पोरं असायचीच. त्यांचीही पाळी यायची, तीही हार घालायची, आणि मी अभिमानाने सांगायचो बघा आमच्या शाळेत भेदभाव नाही. घरी जाऊन ती काय विचारत असतील हे मी एकदाही त्यांना विचारलं नाही. मनात वाईट काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो, पण विचारलं नाही हेही खरं. त्यातला एक आता मिरजेत मोठा इलेक्ट्रिशियन आहे, रस्त्यात भेटला की पाया पडतो. त्याला विचारावं असं चार दिवस मनात आहे, धीर होत नाही.

काल नातवाशी बोललो. सिस्टर म्हणाल्या तसं आधी विचारलं, तो कागद बघून तुला कसं वाटतं? तो जरा थांबला आणि म्हणाला, आजोबा कागदाचं काही नाही, पण माझ्या बाकावरचा मुलगा म्हणाला की तुम्ही नियम मोडता. मग मी त्याला सांगितलं की ज्याच्या पुस्तकात जो नियम आहे तो त्याने पाळायचा. त्याला म्हटलं तो कागद नीट वाच आणि त्यातलं आपल्या घरी काय काय चालतं ते शोधून सांग. आज सकाळी त्याचा मेसेज आला, आईवडिलांचा मान ठेवा, चोरी नको, खोटी साक्ष नको, खून नको, दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ नको, असे पाच त्याने लिहून पाठवलेत. खाली विचारलंय की हे मी त्या मुलाला दाखवू का.

दाखव म्हटलंय. त्याच्या आईलाही सांगितलंय की शाळेत भांडायला लगेच जाऊ नको, आधी त्या मुलाच्या घरच्यांना एकदा जेवायला बोलाव. ते मेक्सिकोवालं कुटुंब आहे ना गल्लीतलं, त्यांचाच मुलगा आहे तो.